आधी ते पाकीट पोचवा

एका ताईंचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“आम्ही मूळचे नगरकडचे, ११ वर्षांपासून इंदूरला सुदामानगरात राहतो. घरात मी, मिस्टर, १० वर्षांची मुलगी आणि ६ वर्षांचा मुलगा. रोज रात्री ८ वाजता कौटुंबिक उपासना असते. मुलांना विश्वास पुस्तकातून नाही, रोजच्या जगण्यातून मिळावा असं मला वाटतं. बायबलच्या अनुवाद या पुस्तकातलं ६:७ हे माझं आवडतं वचन. म्हणून नर्मदेचं पाणी भरताना मान्ना, म्हणजे देवानं रानात रोज दिलेलं अन्न, जिलबीचं पीठ भिजवताना खमिराचा दाखला, असं मी मुद्दाम सांगत असते. त्यासाठी एक वहीच केली आहे. पण तीनेक आठवड्यांपासून मुलगी उपासनेत मोठ्यानं प्रार्थना करत नाही. पूर्वी आपणहून करायची. संडे स्कूल हिंदीत असतं, म्हणून भाषेची अडचण असेल का? त्यात मी सध्या फार दमते, कारण आमची बाई काम सोडून गेली. ५०० ची नोट सापडेना म्हणून तिला विचारलं, जरा आवाज चढला, शेजारच्या दोघी दारात आल्या. मुलगी मध्येच ‘आई, बाबांच्या पँटीत बघ ना’ म्हणत होती, तिला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी नोट धुण्यात निघाली, इस्त्रीनं वाळवली. बाई काही परत आली नाही, १२ दिवसांचे पैसे न्यायलाही नाही. शेजारच्यांनीही मग तिला बंद केलं. असो. मुलीसाठी एखादं चांगलं पुस्तक किंवा पद्धत सुचवाल का?”

ताई,

पुस्तक नको आणि पद्धतही नको. तुमच्या पत्रात ‘असो’ हा शब्द एकदाच आलाय, आणि तुमच्या मुलीची प्रार्थना नेमकी त्याच्या अलीकडे अडकून पडली आहे.

तिनं मोठ्यानं बोलणं कधी बंद केलं? तीन आठवड्यांपूर्वी. बाई कधी गेली, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण ‘सध्या दमते’, ‘१२ दिवसांचे पैसे’ यावरून हिशोब लागतो. त्या दिवशी घरातल्या एका माणसाला खरं काय ते सुचलं होतं. बाबांच्या पँटीत बघ, असं ती म्हणाली. नोट तिथंच होती. तिला तुम्ही गप्प बसवलंत. आणि आता रोज रात्री ८ वाजता त्याच घरात तिला सांगता, ‘बोल.’

ती कशी बोलेल?

भाषेचा प्रश्न आधी संपवते, कारण तो प्रश्नच नाही. मुलं ज्या भाषेत भांडतात त्या भाषेत त्यांना प्रार्थना करू द्या. इंदूरच्या मराठी घरांतली मुलं एका वाक्यात दोन भाषा आणतात, देवाला त्याची अडचण नाही.

आता तुमची वही. ती मनापासून केलेली आहे हे कळतं, म्हणूनच तिच्यात काय चुकतंय तेही सांगायला हवं. पाणी भरताना तुम्ही मान्नाची गोष्ट सांगितलीत. निर्गम १६ मध्ये माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, रोजचं रोज गोळा करायचं होतं. ज्यांनी सकाळपर्यंत साठवून ठेवलं त्यांच्या मान्नात किडे पडले. आणि तुमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, म्हणजे ड्रम भरून ठेवल्याशिवाय भागतच नाही. उपमा उलटी बसली. सहा वर्षांच्या मुलाच्याही हे लक्षात येतं, तो फक्त बोलून दाखवत नाही. मोठी माणसं जबरदस्तीनं अर्थ काढतात एवढंच तो शिकतो. त्याला पाण्याच्या दिवशी लहान बादली धरू द्या, वरच्या मजल्यावरच्या आजींचा हंडा आधी भरू द्या. बस. वचन सांगायची गरज नाही. त्यानं ‘आपला नंबर आधी असताना त्यांचा का?’ असं विचारलं, तर एका वाक्यात उत्तर द्या आणि थांबा.

जिलबीचंही तसंच. खमिराचा दाखला मत्तय १३:३३ मध्ये एका ओळीचा आहे. त्यातली बाई खमीर घेते आणि तीन मापं पिठात *लपवून* ठेवते. तीन मापं म्हणजे २० लिटरच्या वर पीठ, एका घराला खाऊन न संपणारं. खमीर म्हणजे आदल्या पिठाचा आंबलेला गोळा. तो पिठात एकदा मिसळला की परत दाखवता येत नाही. तुम्ही मात्र दर अर्ध्या तासानं झाकण उघडून ‘बघा, देवाचं राज्य असं वाढतं’ म्हणत असाल, तर थंडीच्या दिवसांत पीठही आंबणार नाही आणि मुलंही कंटाळतील. दही घालून भिजवलेल्या मैद्याला पुरती रात्र लागते, गारठा असेल तर वर अर्धा दिवस. झाकण ठेवा, वर जाड टॉवेल गुंडाळा आणि झोपा.

एवढ्यानं मुलगी गप्प झालेली नाही. फार बोलणाऱ्या आईला मुलं सहन करतात. तिच्या घशात अडकलंय ते दुसरंच आहे.

लूक १५ मधली नाणं हरवलेली बाई तुमच्या वहीत असणारच. घर झाडताना तो दाखला सांगायला सगळ्यांनाच सोपा पडतो. दहा नाणी, एक हरवलं, तिनं दिवा लावला, केर काढला, मन लावून शोधलं. तिनं कुणाचं नाव घेतलं नाही, स्वतःचं घर झाडलं. आणि नाणं सापडल्यावर मैत्रिणींना, शेजारणींना बोलावून सांगितलं, सापडलं म्हणून. तुमची नोट सापडली तेव्हा तुम्ही कुणाला बोलावलंत? ज्या दोघी दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या, त्यांना सांगितलंत का? नाही सांगितलंत. त्यांनी त्या बाईंना कामावरून काढलं, म्हणजे त्यांच्या डोक्यात आजही त्या चोर आहेत. एका बाईंची तीन घरं गेली, आणि नोट तुमच्या कपाटात इस्त्री होऊन बसली आहे. तुमच्या मुलीनं ती इस्त्री होताना पाहिली असणार. ओल्या नोटेवर तुम्ही सुती रुमाल ठेवला असेल, इस्त्री जपून फिरवली असेल. कागदाची इतकी काळजी तिनं पाहिली.

रोजच्या जगण्यातून विश्वास द्यायचा म्हणता ना? तीन आठवड्यांपूर्वी तो दिवस तुमच्या घरी चालून आला होता. वहीतला एकही धडा त्याच्या जवळपास जाणार नाही.

अनुवाद ६:७ तुम्हाला आवडतं. घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना मुलांना सांगत राहा. पण सहावी ओवी त्याच्या आधी आहे: या गोष्टी आधी *तुझ्या* हृदयात ठसव. आणि त्याच पुस्तकात १८ अध्याय पुढे, २४:१४-१५ मध्ये, मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी असं स्पष्ट सांगितलंय. तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो म्हणून. ‘ती न्यायलाच आली नाही’ हे उत्तर तिथं चालत नाही. जिला तुम्ही चोर म्हणालात ती तुमच्या दारात पैसे मागायला कशी येईल? प्रभूच्या प्रार्थनेत आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ असं आहे. तुमची मुलगी रोज रात्री ते तुमच्या तोंडून ऐकते, आणि ऋण कुणाचं, किती, हे तिला ठाऊक आहे.

मत्तय ५:२३-२४ उघडा. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तुमच्या घरात हे वचन पाळणारी सध्या एकच व्यक्ती आहे. ती १० वर्षांची आहे, आणि तिलाच तुम्ही सुधारायला निघाला आहात.

म्हणून आज रात्रीची उपासना ठेवू नका. ८ वाजता त्या बाईंच्या घरी असा.

त्याआधी मुलीला जवळ बसवा. ‘त्या दिवशी तू बरोबर सांगत होतीस, मी ऐकलं नाही आणि तुला गप्प केलं. माझं चुकलं,’ एवढंच म्हणा. ती रडली तर रडू द्या. काही बोलली नाही तरी चालेल. मग शेजारच्या दोघींची दारं वाजवा. नोट आमच्याच घरात सापडली, त्यांनी घेतली नव्हती, मी खोटा आळ घेतला, हे उंबऱ्यातच सांगा, कारण आळही उंबऱ्यातच घेतला होता. हे आधी का? कारण त्या बाई पुन्हा तुमच्या जिन्यात आल्या तर त्यांना वर मान करून चालता यायला हवं.

पैशांचं असं करा. महिन्याचा पगार किती ते तुम्ही लिहिलं नाही. समजा २,४०० आहे, तर दिवसाचे ८० आणि १२ दिवसांचे ९६० होतात. ९६० देऊन सुटू नका. महिन्याच्या मध्ये काम गेलं ते त्यांच्यामुळे नाही, तुमच्यामुळे. पूर्ण महिना द्या. गणना ५:७ मध्ये केलेल्या अपराधाची भरपाई पुरती करून वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलंय. २,४०० चा पाचवा हिस्सा ४८०, एकूण २,८८०. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयानं तर चौपट देतो म्हटलं होतं, तेव्हा हे काही फार नाही. फोनवरून पाठवू नका, चौकीदाराच्या हाती देऊ नका, त्यांना घरी बोलावून घेऊ नका. बोलावणं म्हणजे पुन्हा मालकीण होणं. तुम्ही जायचं. पत्ता नसेल तर खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या बाईंना विचारा, त्या एकमेकींची घरं ओळखतात.

मुलीला ‘येतेस का?’ एवढंच विचारा. आली तर शेजारी उभी राहील, तिनं काही बोलायचं नाही. धाकट्याला बाबांपाशी ठेवा. तो चुळबुळ करेल, कुणीतरी त्याला बिस्किट देईल, आणि जे सांगायला गेलात ते त्या गडबडीत राहून जाईल.

तिथं हिंदीतच बोला, आणि ‘तुम’ नको, ‘आप’. ‘पैसे हमारे घर में ही मिले। मैंने आप पर झूठा इल्ज़ाम लगाया, सबके सामने। गलती मेरी थी। माफ़ी माँगने आई हूँ।’ एवढं म्हणा आणि गप्प राहा. त्यात ‘लेकिन’ आलं की सगळं वाया गेलं. टेन्शन होतं, मिस्टरांनी सांगितलं नाही, असं काही नको. रडू नका, नाहीतर त्यांनाच तुम्हाला समजावत बसावं लागेल. जुने कपडे, मिठाईचा डबा, शेवेचा पुडा काही नेऊ नका. भेटवस्तू दिली की माफी मागितलेली राहत नाही, उपकार केल्यासारखं होतं. आणि परत कामाला या, असं त्या दिवशी मुळीच म्हणू नका. तुम्हाला दमायला होतंय म्हणून आलात असं त्यांना वाटेल, आणि ते थोडंफार खरंही असेल. यायचं की नाही ते त्यांचं त्या ठरवतील.

त्या चिडतील, कदाचित दार लावून घेतील. माफ केलं असं त्यांच्या तोंडून वदवून घेऊ नका. पाकीट तरीही त्यांच्या हातात किंवा घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्या. ते पैसे त्यांचेच आहेत.

परतीच्या वाटेवर, ताई, कृपा करून काही शिकवू नका. ‘बघ, येशूनं हेच सांगितलंय’ हे वाक्य गिळून टाका. वही आठवडाभर कपाटात ठेवा. दुसऱ्या रात्री उपासनेत तुम्ही स्वतः प्रार्थना करा, दोन वाक्यं. मी खोटा आळ घेतला, एका मुलीचं ऐकलं नाही, मला क्षमा कर. ‘आम्हा सर्वांना’ नको, ‘मला’. मुलीला ‘तू कर’ म्हणू नका, तिच्याकडे बघूही नका. ती कधी बोलेल ते सांगता येत नाही. महिनाही जाईल. आमेन एवढंच पुटपुटली तरी पुरे.

आणखी एक. इतक्या मोठ्या पत्रात त्या बाईंचं नाव एकदाही नाही. ‘आमची बाई’ आहे, ‘ती’ आहे. मुलीला विचारा, तिला माहीत असेल. पाकिटावर ते नाव तिच्याकडून लिहून घ्या. आत ५०० च्या पाच, १०० च्या तीन, ५० ची एक, १० च्या तीन घाला. इस्त्री केलेली ती नोट मात्र त्यात नको.