दीड-दोन वर्षांचं मूल आणि भरल्या घरातला नाताळ

वसईकडे नाताळात घर पाहुण्यांनी भरतं आणि जो तो पोराला काहीतरी भरवायला बघतो. म्हणून आधी फराळाचं ताट तपासा. कुलकुल, म्हणजे पिठाचे तळलेले गोड शंख, छोटे आणि कडक, नेमके घशात अडकण्याजोगे. अख्खे काजू-शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत नकोच, द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा. केकमधला सुकामेवा रममध्ये भिजवलाय का, तेही विचारा. आजीला चारचौघांत टोकू नका. केळं, मऊ इडली, साधा केक अशी बाळाची वेगळी वाटी तिच्याच हाती द्या, भरवायची हौसही भागते.

खरी धास्ती बटन सेलची, म्हणजे बटणासारख्या चपट्या गोल बॅटरीची. गाणारी खेळणी, लुकलुकणाऱ्या टोप्या, छोटे दिवे यांत तो असतो. झाकणाला स्क्रू नसेल तर वस्तू सरळ कपाटावर. सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजतं, कारण वीजप्रवाहामुळे तिथे दाहक अल्कली तयार होतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका. एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

झाड खिडकीच्या गजाला दोरीने बांधा, काचेचे गोळे वरच्या फांद्यांवर. येशूजन्माच्या देखाव्यातला छोटा बाळयेशू हमखास तोंडात जातो. देखावा उंचावर मांडा, खाली कापडी मेंढरं द्या.

चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेचा (प्रार्थनाविधीचा) हट्ट नको. पंचवीसला सकाळची गाठा, मागच्या दाराजवळ बसा. दुपारची झोप मात्र कुणाही काका-मामासाठी मोडू नका.