रिॲलिटी शोला दिग्दर्शक कशाला लागतो?

प्रश्न : नातवंडांबरोबर गाण्याचे, स्वयंपाकाचे रिॲलिटी शो बघते. शेवटी झरझर नावं जातात, त्यात ‘दिग्दर्शक’ असतो. मुलं आपापली गातात, परीक्षक आपापलं बोलतात, मग हा करतो काय? अमेरिकेत म्हणे या कामाला बक्षीसही असतं. कशाबद्दल?
– एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, हाच प्रश्न माझ्या सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत विचारला होता. “तू नेमकं करतेस काय गं?” मी म्हणाले, “बटणं दाबायला सांगते.” त्यांनी पुढे काही विचारलं नाही. चकल्या तळायला लावलं.

तेव्हाचं उत्तर खोटं नव्हतं. गाण्याच्या शोमध्ये आमच्याकडे बारा कॅमेरे असायचे. मी पीसीआरच्या, म्हणजे कंट्रोल रूमच्या, अंधाऱ्या खोलीत, समोर भिंतभर मॉनिटर, कानाला टॉकबॅक, म्हणजे कॅमेरावाल्यांशी बोलायचा हेडफोन. “तीन रेडी... तीन. सात, आजीवर जा... सात.” शेजारचा स्विचरवाला बटण दाबतो आणि तुम्हाला घरी आजी दिसते.

एकदा कोल्हापूरकडची एक मुलगी अंतऱ्याला शब्दच विसरली. वाद्यवृंद वाजतोय, ती गप्प. माझ्या मागे उभी असलेली चॅनेलची मंडळी ओरडत होती, “जजेस! जजेसवर जा!” पण चार नंबरच्या मॉनिटरवर तिचे आजोबा होते. मांडीवर ताल धरलेला हात थांबला नव्हता. मी चारवर गेले आणि तिथेच राहिले. मुलीला शब्द सापडले तेव्हाच परत आले. लोक म्हणाले, काय नशीब, बरोबर तेव्हाच कॅमेरा तिथे होता! नशीब कसलं? तिला गाणं आजोबांनी शिकवलंय हे मला सकाळच्या तालमीत कळलं होतं, आणि चारवरच्या पोराला मी बजावलं होतं, काहीही झालं तरी म्हाताऱ्याला सोडायचं नाही. ज्याला रिटेक नाही त्याची तयारी आदल्या वेळी करून ठेवायची. बक्षीस असतं ते त्या तयारीचं.

अमेरिकेत ते दोन ठिकाणी मिळतं. पहिलं डायरेक्टर्स गिल्डचं. 1936 साली सुरू झालेली ही दिग्दर्शकांची स्वतःची संघटना. रिॲलिटी कार्यक्रमांसाठी वेगळा पुरस्कार त्यांनी 2005 सालच्या कामापासून ठेवला. 2007 च्या कामासाठी तो ‘द अमेझिंग रेस’च्या बर्ट्रम व्हॅन मन्स्टर यांना मिळाला. दोघादोघांच्या जोड्या जगभर पळतात, प्रत्येक जोडीमागे कॅमेरावाला आणि साउंडवाला धावतो. चौथ्या पर्वात ही वरात आपल्या मुंबईतही येऊन गेली. आता विचार करा, कोण कुठल्या टॅक्सीत बसेल हे माहीत नाही, विमान कोणाचं चुकेल माहीत नाही, आणि तरी अंतिम रेषेवर कॅमेरा आधी पोचलेला हवा. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये!

स्वयंपाकाच्या स्पर्धेच्या ‘मास्टरशेफ’चे ब्रायन स्मिथ 2012 आणि 2017 अशा दोन वर्षांच्या कामांसाठी जिंकले. तिथली अडचण निराळी. घड्याळ चालू असतं आणि सुफले, म्हणजे अंड्याचा फुगवलेला पदार्थ, एकदाच बसतं. “जरा परत बसव, क्लोज घ्यायचा राहिला,” असं म्हणता येत नाही. 2009 चा पुरस्कार तर हूवर धरणाजवळच्या पुलाच्या बांधकामावरच्या भागाला गेला. पूल, सुफले, विमानतळ, सगळं एकाच टोपलीत. मला हे अजूनही पटत नाही. पण मतं दिग्दर्शकच देतात, तेव्हा निदान काम कशाला म्हणतात ते मत देणाऱ्याला कळतं. 2023 चा मान निहारिका देसाई यांना मिळाला, तेव्हा ‘देसाई’ वाचून आमच्या जुन्या युनिटच्या ग्रुपवर लगेच “कोकणातली का?” सुरू झालं. असो.

दुसरं एमी, म्हणजे टीव्हीचे मोठे पुरस्कार. तिथे रिॲलिटी स्पर्धेच्या कार्यक्रमाला 2003 पासून पुरस्कार आहे आणि पहिली सात वर्षं तो ‘अमेझिंग रेस’नेच नेला. पण तो निर्मात्यांचा. दिग्दर्शनात मात्र रिॲलिटीवाल्यांना 2017 पर्यंत माहितीपटांच्या पंगतीत बसवायचे. तिथे वाढपी आपल्यापर्यंत येईस्तोवर पुरणपोळी संपलेली असायची. 2018 पासून पान वेगळं मांडलं.

त्यातला माझा लाडका विजेता 2020 चा, ग्रेग व्हाइटली. मालिका ‘चिअर’, टेक्सासमधल्या एका कॉलेजच्या चिअरलीडिंग संघावरची. सगळी मालिका फ्लोरिडातल्या डेटोनाच्या स्पर्धेकडे चाललेली, आणि ऐन स्पर्धेत त्यांच्या कॅमेऱ्यांना नेहमीसारखी मोकळीक नाही. मग मोबाइलवर टिपलेली दृश्यं वापरली. आमच्याकडे असं झालं असतं तर शूट रद्द करून मीटिंग लावली असती. त्याच भागाला एमी मिळालं.

प्रश्न : सगळं ठरवून केलेलं असतं ना? मग पुरस्कार लेखकाला द्या!
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : निम्मं बरोबर आहे तुमचं. परीक्षकाचं रडू एका गाण्याचं आणि चिकटवलं दुसऱ्याला, हे आम्ही केलंय. मीही केलंय. धंद्यात त्याला ‘चीट रिॲक्शन’ म्हणतात, आणि एडिटला वेळ कमी असला की हात आपोआप तिकडे जातो. त्याचा मला अभिमान नाही. पण आजोबांचा हात मी लिहून दिला नव्हता.

प्रश्न : मास मीडिया शिकतोय. मराठीत या कामाची दखल घेतात का? सुरुवात कशी करू?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : माझा एक अनुभव सांगते. आमच्या शोला एका सोहळ्यात ‘सर्वोत्कृष्ट कार्यक्रम’ मिळाला. स्टेजवर चॅनेलचे साहेब गेले, निर्माते गेले, सूत्रसंचालक गेला. मी आणि चारवरचा तो पोरगा अकराव्या रांगेत टाळ्या वाजवत होतो. त्या सोहळ्याचं शूट करणारा दिग्दर्शक माझा जुना सहायक. त्याने कॅमेरा फिरवून मोठ्या स्क्रीनवर आम्हा दोघांना दाखवलं, दोन सेकंद. नंतर त्याला बोलणी बसली असणार.

सुरुवातीचं म्हणशील तर फ्लोअरवर एडी, म्हणजे सहायक दिग्दर्शक, म्हणून शिर, तारा उचल, स्पर्धकांच्या घरच्यांशी गप्पा मार. आणि या आठवड्यात एक भाग आवाज बंद करून बघ. प्रत्येक कटला थांब, वहीत लिही : आता कोण दिसलं, आणि तिथे कॅमेरा आधीपासून का असेल? वही भरली की मला पाठव.