हप्ता कुणाच्या खात्यात गेला?

चिपळूणहून एका वाचकांनी विचारलंय. वाशिष्ठीकाठी घर. 2021 च्या पुरानंतर दोन विमा कंपन्यांनी तोंडीच नकार दिला. तिसरीच्या एजंटला यंदा मे महिन्यात हप्ता दिला, पॉलिसी आलीच नाही. जुलैत घरात पाणी शिरलं आणि त्यानंतर ‘प्रस्ताव नामंजूर’ म्हणत पैसे परत आले. कॅलिफोर्नियातला मुलगा म्हणतो, तिथे सरकार विमा देतं. मग इथे का नाही? महाड-खेडहूनही अशी पत्रं येतात.

सरकारचं आधी उरकतो. कॅलिफोर्नियातला ‘फेअर प्लॅन’, म्हणजे इतरत्र विमा न मिळणाऱ्या घरांसाठीची योजना, 1968 पासून आहे, पण त्यात पैसा सरकारी तिजोरीचा नसतो. तिथल्या विमा कंपन्यांनी मिळून तो चालवायचा, असा कायदा आहे. शिवाय त्यात पूर धरतच नाहीत! आपल्याकडे तसा कायदा नाही. पूर धरणारी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून कंपन्यांना ठेवावी लागते, पण तेवढ्यावरून तुमचंच घर घ्या अशी सक्ती करता येईलसं मला वाटत नाही. तलाठ्याच्या पंचनाम्यावर मिळते ती मदत, भरपाई नव्हे. केंद्राच्या 2022-26 च्या निकषांत अंशतः पडलेल्या पक्क्या घराला साडेसहा हजार आहेत, तेही बांधकाम अधिकृत असेल तर.

आता मुद्द्याचं. तीन पानी पत्रात नेमकं हेच लिहिलेलं नाही की हप्ता कसा दिला आणि कुणाच्या नावे. चेक कंपनीच्या नावे असेल, तर पासबुकात तो वटल्याची तारीख आणि कंपनीचं नाव दिसेल. ती एक ओळ म्हणजे तुमची केस. विमा कायद्याच्या कलम 64 व्हीबीनुसार हप्ता मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊ शकत नाही, आणि एजंटने कंपनीसाठी घेतलेला हप्ता सुट्ट्या वगळून 24 तासांत भरायचा असतो. पण एजंटला जीपे करून मोकळे झाला असाल, तर कंपनी सरळ हात वर करेल. पावती न घेता पैसे देताच कशाला तुम्ही लोक?

पैसे पोचले म्हणजे विमा झाला, असंही नाही. आयुर्विम्याच्या एका प्रकरणात 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, हप्ता ठेवून घेणं म्हणजे प्रस्ताव स्वीकारणं नव्हे. त्यामुळे पुराची पूर्ण रक्कम मिळेलच असं मी म्हणणार नाही. मात्र मे ते जुलै पैसे दाबून पूर आल्यावर नकार, ही सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते, आणि हप्ता घेऊन पॉलिसी न देणं ही विमा लोकपालाकडची, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडची, स्वतंत्र तक्रार आहे. फी नाही.

आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी कळवा, परतावा हरकत नोंदवून स्वीकारत असल्याचं त्यातच लिहा, ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ अशा कागदावर सही करू नका. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, की वर्षाच्या आत लोकपाल. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे, पण तिथे आधी गेलात तर लोकपाल तक्रार घेणार नाहीत, आणि आयोगात तारखा मोजत बसाल. पासबुकाचं ते पान पाठवा, मग पुढचं बोलू.