सोमालियातल्या कुळांचा समेट बाहेरच्यांना घडवता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: "यादवीनंतर सोमालियातल्या कुळांमध्ये समेट व्हावा म्हणून संयुक्त राष्ट्रांनी आणि शेजारच्या देशांनी इतक्या परिषदा भरवल्या. त्याचा खरंच काही उपयोग झाला का, की सगळा पैसा पाण्यात गेला?"

उपयोग झाला, पण तो जिथे बाहेरच्यांनी यजमान आणि साक्षीदार एवढंच काम केलं तिथे. जिथे ते न्यायनिवाडा करायला बसले तिथे कागद झाले आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत फाटले.

मी सातारा जिल्ह्यातला, माण तालुक्यातला. १९९३-९४ मध्ये भारताची ६६ वी ब्रिगेड संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत सोमालियाला गेली, तेव्हा मी तिच्यात होतो. जवळपास पाच हजार भारतीय होतो आम्ही, मुख्य तळ दक्षिण सोमालियातल्या बैदोआला. निवृत्त झाल्यावर गावात तंटामुक्त समितीवर बरीच वर्षं काम केलं. म्हणून उत्तरात दोन्हीकडचं येईल.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, तिच्यावाचून बाकीचं कळणार नाही. जानेवारी १९९१ मध्ये सियाद बार्रेची राजवट पडली आणि देशाला सरकारच उरलं नाही. तरी कायदा उरला होता. सोमाली लोक त्याला 'हेर' म्हणतात, म्हणजे कुळाकुळांत पिढ्यान्‌पिढ्या ठरत आलेले रिवाज. माणूस मारला गेला तर मारणाऱ्याच्या कुळाने भरपाई द्यायची. पुरुषामागे शंभर उंट, बाईमागे पन्नास, अशी जुनी मोजणी आहे. (बाईचा जीव निम्मा का, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.) हे उंट एकटा गुन्हेगार देत नाही, त्याची सगळी भावकी मिळून देते. ज्याच्या दावणीचा उंट जाणार, त्याला बैठकीत बोलायचा हक्क असतो. म्हणून तिथल्या बैठका आठवडेच्या आठवडे चालतात. प्रत्येक घराला 'हो' म्हणायला लावायचं असतं.

आता संयुक्त राष्ट्रांनी इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाला, भरवलेली परिषद बघा. १५ मार्च १९९३ ला सुरू झाली आणि २७ मार्चला करार झाला. पंधरा गटांच्या पुढाऱ्यांनी सह्या केल्या. ७४ जणांची हंगामी परिषद, तिच्यात अठरा प्रांतांतून प्रत्येकी तीन माणसं आणि त्या तिघांत एक बाई, असं सगळं कागदावर बारकाईने बसवलं होतं. पण सह्या करणारे होते बंदूकवाल्या टोळ्यांचे म्होरके, आणि म्होरक्याच्या सहीने कुणाच्या दावणीचा उंट सुटत नाही. ५ जूनला राजधानी मोगादिशूत पाकिस्तानचे चोवीस जवान मारले गेले, ३ ऑक्टोबरच्या लढाईत अमेरिकेचे अठरा. नंतर त्या कराराचं कुणी नावही घेईना.

याच्या आधी एक माणूस वेगळ्या वाटेने जात होता, त्यांच्याबद्दल लोकांना फारसं माहीत नसतं. मोहम्मद साहनून, अल्जीरियाचे मुत्सद्दी. एप्रिल १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी म्हणून आले आणि मोगादिशूच्या दोन पुढाऱ्यांपाशी न अडकता प्रांताप्रांतांतल्या वडीलधाऱ्यांना भेटू लागले. काम सावकाश चाललं होतं, पण लोक त्यांच्याशी बोलत होते. ऑगस्टमध्ये त्यांना न विचारता आणखी तीन हजारांवर सैनिक पाठवायची घोषणा वरून झाली. ज्यांना त्यांनी शब्द दिला होता, त्यांच्यापुढे ते तोंडघशी पडले. संयुक्त राष्ट्रांच्या दिरंगाईवर ते उघड बोलले आणि ऑक्टोबरात त्यांना पद सोडावं लागलं. सगळ्या मोहिमेतली सर्वांत महागडी चूक मला हीच वाटते.

बैदोआच्या आसपासचा मुलूख शेतकऱ्यांचा आहे. ज्वारी पिकते. आमच्या माणदेशातली माणसं तिथलं वाळलेलं ताट हातात घेऊन उभी राहायची आणि घरची आठवण काढायची. १९९२ च्या दुष्काळात त्याच गावात रोज माणसं मरत होती, कारण लढणाऱ्यांनी धान्यच लुटून नेलं होतं. आमच्या ब्रिगेडने विहिरी खणल्या, दवाखाने चालवले, उंटांना औषधपाणी केलं. त्याने लोक जवळ आले. एकदा पाण्याच्या गाडीबरोबर गेलो असताना तिथल्या एका म्हाताऱ्याने दुभाष्यामार्फत आमच्या सुभेदारसाहेबांना विचारलं, "तुम्ही किती पाऊस राहणार?" साहेबांनी खरं ते सांगितलं, की आम्हाला ठाऊक नाही. म्हाताऱ्याने मान हलवली आणि पुढे फक्त विहिरीबद्दल बोलला. समेटाचा विषय त्याने काढलाच नाही. जो उद्या नसणार त्याला साक्षीला कोण बसवील?

त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी भराभर जिल्हा परिषदा स्थापन करत होते, पन्नासच्या आसपास झाल्या असतील. काही ठिकाणी वडीलधाऱ्यांना नीट विचारलं गेलं, पुष्कळ ठिकाणी यादी पुरी करायची घाई होती.

आणि उत्तरेला, १९९१ मध्ये आपण वेगळे झालो असं जाहीर केलेल्या सोमालिलँडच्या बाजूला, याच १९९३ साली बोरामा गावात काय चाललं होतं ते पाहा. जानेवारीत बैठक बसली ती मे महिन्यापर्यंत उठली नाही. मतदानाचा हक्क असलेले दीडशे वडीलधारे, आणि ऐकायला, बोलायला आलेले कितीतरी जास्त. जेवणखाण, राहणं बहुतेक तिथल्याच लोकांनी आणि परदेशी गेलेल्या सोमाली मंडळींनी सांभाळलं. परदेशी मदत होती, पण हात राखून. भांडण मुख्यतः इसाक कुळाच्या शाखांमध्ये पेटलं होतं. बोरामा पडतं गदाबुर्सी या दुसऱ्या कुळाच्या मुलखात, म्हणजे जागा तिसऱ्याची. आधी शांततेची सनद केली, रस्ते कुणी राखायचे, बंदुका कुठे ठेवायच्या ते ठरवलं, आणि मग राज्यकारभाराकडे वळले. ५ मे रोजी इगाल सोमालिलँडचे अध्यक्ष निवडले गेले. वडीलधाऱ्यांच्या सभेला, 'गूर्ती'ला, कायमचं वरचं सभागृह केलं. तिथेही पुढे १९९४ ते ९६ मध्ये पुन्हा लढाई झाली आणि पुन्हा बसावं लागलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पुन्हा बसायची रीत त्यांच्याकडे तयार होती.

इथे गावाकडचं सांगतो. तंटामुक्त गाव मोहीम २००७ च्या १५ ऑगस्टला सुरू झाली. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या अंजनीचे आर. आर. आबा तेव्हा गृहमंत्री होते. कल्पना फार चांगली होती, मी मनापासून त्यात उतरलो. आमच्या गावात वरची आळी आणि खालची आळी यांचं विहिरीच्या पाळीवरून अकरा वर्षांचं वैर होतं. कुऱ्हाडीपर्यंत गेलेलं, खालच्या आळीतल्या एकाचा हात कायमचा अधू झालेला. आम्हाला बक्षीस मिळवायचं होतं. चावडीत दोन्हीकडच्या चार-चार कर्त्या माणसांना बसवलं, एका दुपारी कागद केला, सह्या घेतल्या, फोटो काढला. त्याच वर्षी बेंदराच्या मिरवणुकीत पुन्हा दगड पडले. आमचं ते अदिस अबाबा होतं.

वैर मिटलं ते आक्कांमुळे. त्यांचं माहेर वरच्या आळीत, सासर खालच्या. अकरा वर्षं त्यांची भाऊबीज बंद होती. भाऊ वारला तेव्हा त्या कुणाला न विचारता माहेरी गेल्या, तेराव्यापर्यंत राहिल्या, आणि परतताना दोन्ही आळ्यांतल्या बायकांना म्हणाल्या, "माझ्या मयताला कुणी यायचं आन् कुणी न्हाई, ते आत्ताच ठरवून टाका. मी मेल्यावर भांडू नगा." हे घराघरांत लागलं. मग दोन्हीकडच्या पाहुण्यांनी मध्यस्थी केली, त्यांच्या गावच्या मारुतीच्या देवळात चार बैठका झाल्या, दोन महिने गेले. अधू झालेल्या माणसाचा दवाखान्याचा खर्च आणि वर काही रक्कम द्यायची ठरली, आणि ती वरच्या आळीने घरटी वर्गणी काढून दिली. ज्या घराने पाचशे रुपये दिले त्या घराचं पोरगं पुन्हा दगड उचलताना दहादा विचार करतं. समितीने काय केलं? टेम्पो दिला, चहा दिला, आणि पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं की या दोन महिन्यांत कुणाला उचलू नका.

सोमालियातही हेच दिसतं. एका कुळात जन्मलेली, दुसऱ्यात दिलेली बाई लढाईच्या काळातही दोन्हीकडे जाऊ शकते, म्हणून निरोप पहिल्यांदा तीच पोहोचवते. आणि बैठक भरली की तिला बसायला जागा नसते, कारण 'शिर' म्हणजे सभा पुरुषांची. उलट समेटाची खूण म्हणून मेलेल्याच्या घरी मुलगी देण्याचीही जुनी चाल आहे. तिला मी समेट म्हणणार नाही. २००० मध्ये जिबूतीचे अध्यक्ष गुएले यांनी आर्ता इथे परिषद भरवली. तिथे आशा हाजी एल्मी आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी सांगितलं, तुमची कुळं पाच, आमचं सहावं, बायकांचं. तिथे ठरलेल्या हंगामी संसदेतल्या २४५ पैकी २५ जागा त्यांनी मिळवल्या. कुळांना जागा वाटायचं 'साडेचार'चं गणितही तिथेच पक्कं झालं: चार मोठ्या कुळांना सारखा वाटा, बाकी सगळ्यांना मिळून अर्धा. आजही देश त्याच गणितावर चालतो. त्याने सरकार बनवता आलं, हे खरं. पण समेट म्हणजे जागावाटप, अशी सवयही तिथूनच लागली.

ही सवय सर्वांत जास्त दिसली केन्यात. ऑक्टोबर २००२ मध्ये एल्डोरेटला सुरू झालेली परिषद पुढे नैरोबीजवळ म्बगाथीला हलली आणि दोन वर्षं चालली. केन्याचे मुत्सद्दी किप्लागात यांनी ती कशीबशी तडीला नेली. त्यांच्या चिकाटीला मी नमस्कार करतो. पण सहा समित्यांपैकी समेटाची एक, आणि सगळा जीव अडकलेला प्रतिनिधी कोण आणि खुर्ची कुणाला यात. ऑक्टोबर २००४ मध्ये अध्यक्ष निवडला गेला तोही नैरोबीत. त्या सरकारला राजधानीत पाय ठेवता येईना. फेब्रुवारी २००६ मध्ये संसदेची मायदेशातली पहिली बैठक झाली ती बैदोआला, धान्याच्या एका गोदामात. ती बातमी मी गावात बसून वाचली आणि बराच वेळ कुणाशी बोललो नाही.

तुम्हाला अभ्यासासाठी एखादं उदाहरण घ्यायचं असेल तर माझ्या मते गालकायो घ्या. हे शहर मधोमध विभागलेलं आहे, उत्तरेला दारोद कुळाची शाखा, दक्षिणेला हविये कुळाची. जून १९९३ मध्ये हवियेंचे ऐदीद (मोगादिशूच्या त्या दोन पुढाऱ्यांपैकी एक) आणि दारोदांचे अब्दुल्लाही युसूफ यांनी या शहराच्या मुदुग प्रांतापुरता करार केला. मोठा गाजावाजा नव्हता. लढाई थांबवायची, आपापल्या हद्दीत राहायचं, रस्ता खुला ठेवायचा. तो वीस वर्षांवर टिकला. इथे पुढाऱ्यांच्याच सह्या कशा चालल्या, असं तुम्ही विचाराल. कारण त्या शांततेची गरज दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांना आणि धनगरांना त्यांच्याइतकीच होती. २०१५ मध्ये तिथे पुन्हा गोळीबार झाला, हजारो लोक घर सोडून पळाले. या खेपेला संयुक्त राष्ट्रं आणि शेजारी देशांचे प्रतिनिधी आले ते पुन्हापुन्हा येत राहिले, आणि शेवटी दोन्हीकडच्या पोलिसांची एकत्र गस्त सुरू झाली. कालपर्यंत एकमेकांवर नेम धरणारी पोरं एका गाडीत. बाहेरच्यांची चिकाटी अशी लागली तर तिचा उपयोग होतो, हे मी म्हणतो ते यावरून.

भारताने काय मिळवलं, असंही लोक मला विचारतात. ऑगस्ट १९९४ मध्ये बैदोआकडच्या रस्त्यावर आपले सात जवान गेले, आणि त्याच महिन्याच्या शेवटी बैदोआत तीन डॉक्टर. ते डॉक्टर तिथल्याच लोकांवर उपचार करायचे. वर्षअखेरीपर्यंत आम्ही परतलो. मार्च १९९५ मध्ये तिथल्या वडीलधाऱ्यांनी स्वतःची परिषद बसवली, जे आम्ही असताना व्हायला हवं होतं. सप्टेंबरमध्ये ऐदीदच्या फौजेने बैदोआ घेतलं. त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर होतं, एक पाऊस.