काकांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. रापण (मासेमारीचं मोठं जाळं, दोराने किनाऱ्यावर खेचतात ते) ओढताना त्यांचा रक्तदाब वाढतो, मग मेंदू तो लगेच खाली का आणत नाही?

कारण त्या वेळी मेंदूनेच रक्तदाबाची पातळी वर नेऊन ठेवलेली असते. ताबा सुटलेला नसतो. शरीरक्रियाशास्त्र शिकवताना हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो रास्त आहे. मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. त्यांचा निरोप मेंदूच्या नवव्या आणि दहाव्या चेतांमधून मस्तिष्कपुच्छात, म्हणजे मेडुलात पोचतो. एरवी दाब चढला की मेडुला ठोके कमी करतो, रक्तवाहिन्या सैल सोडतो. पण वाळूत पाय रोवून दोर खेचायला घेतला की आणखी दोन निरोप येतात:

- वरचा मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो, त्याची वर्दी मेडुलालाही जाते. म्हणून ठोके पहिल्या काही सेकंदांतच वाढतात.
- राबणारे स्नायू स्वतःवरचा ताण आणि साठलेली रसायनं कळवतात.

त्यावरून मेडुला तीच यंत्रणा वरच्या दाबाला जुळवून घेतो. ती बंद पडत नाही, हे लक्षात घ्या; नव्या पातळीभोवती ती दाब सांभाळतच असते.

हे निरोगी माणसाचं झालं. उच्च रक्तदाब असेल तर स्नायूंकडून येणाऱ्या निरोपाला प्रतिसाद जास्त तीव्र असतो, आणि श्वास रोखून खेचताना वरचा-खालचा दोन्ही आकडे चढतात. काकांना गोळ्या चालू आहेत म्हणता, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना दोराला लावू नका.