हातोडा पडायच्या आधी

प्रश्न: लिलावात एक जुनं चांदीचं नाणं फार आवडलंय, फोटोत काळपट दिसतंय. घेऊन पॉलिश केलं तर किंमत वाढेल का? आणि बोली कुठवर न्यायची?

उत्तर: पॉलिश अजिबात नको, अगदी कळकळीने सांगतेय! तो काळपटपणा म्हणजे हवेतल्या गंधकामुळे वर्षानुवर्षं चढलेला थर, तो घासला की खालची मूळ चांदीही थोडी निघून जाते आणि भिंगाखाली सगळीकडे बारीक ओरखडे दिसायला लागतात. मी सुरुवातीला एक नाणं असंच चकचकीत करून बसले, त्याचं अजून वाईट वाटतं. जाणकार असं नाणं लगेच ओळखतो आणि भाव पाडतो, नाणं हाताळतानाही कडेनेच धरा.

बोलीचं म्हणाल तर आकडा आधीच कागदावर लिहा, आणि त्यात कमिशन धरा, कारण हातोडा पडून बोली थांबते ती शेवटची रक्कम नसते, मोठी ऑक्शन हाऊसेस त्यावर २० टक्क्यांहून जास्त लावतात, वर टॅक्स, पाठवणी वेगळी. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे नाण्याची अवस्था सांगणारा अहवाल, मागा, आधी कोणाकडे होतं तेही विचारा.

आणि दुर्मिळ म्हणजे भाव चढतच जाणार असं नसतं हो. ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एक सेंटचं मॅजेंटा टपाल तिकीट, जगात एकच माहीत असलेलं, २०१४ मध्ये सुमारे ९५ लाख डॉलरला गेलं आणि २०२१ मध्ये सुमारे ८३ लाखांना. त्यामुळे नाणं खरंच आवडलं असेल तरच घ्या.