घर घेणार कोण, हे काकांना सांगितलंस का?

दादरला माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या तरुणांच्या तोंडी गेली काही वर्षं एक प्रश्न सारखा असतो. ‘मॅडम, भांडवल नाही, पण प्रॉपर्टीत उतरायचंय. जमेल का?’ या कामाआधी मी बँकेच्या गृहकर्ज विभागात अठरा वर्षं काढली. त्यामुळे घराचे कागद आणि घरातली भांडणं लोक माझ्याकडे एकाच पिशवीतून आणतात. नीलेशची गोष्ट त्यातलीच. नाव आणि खाणाखुणा अर्थातच बदलल्या आहेत.

नीलेश २७ वर्षांचा. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, तीत आईवडील, धाकटा भाऊ आणि हा. कुरियर कंपनीत नोकरी. आला म्हणण्यापेक्षा आईने आणला. ‘रात्र रात्र झोपत नाही हो, गॅलरीत फेऱ्या मारतो. शेजारचे विचारायला लागले,’ ती म्हणाली. तो मोबाइल उलटा ठेव, सुलटा ठेव, एवढंच करत होता.

त्याने अमेरिकेतल्या ‘होलसेलिंग’चे व्हिडिओ पाहिले होते. घर विकायची घाई असलेला मालक गाठायचा, कमी भावात त्याच्याशी करार करायचा आणि तो करारच तिसऱ्याला चढ्या भावाने देऊन मोकळं व्हायचं. घर आपल्या नावावर येतच नाही, मधला फरक आपला. तिकडे त्याचा एक ठोकताळाही आहे. दुरुस्तीनंतर घराची जी किंमत येईल तिचे ७० टक्के काढायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, त्यावर एक डॉलर मालकाला द्यायचा नाही. ‘मुंबईतही हेच चालतं’ असं सांगून एका शिकवणीवाल्याने याच्याकडून १८ हजार घेतले होते.

मग याने भांडुपला एक वन रूम किचन हेरलं. मालक सत्तरीचे, पोस्टातून निवृत्त, गावी जाऊन राहायच्या बेतात. ६५ लाखांना ठरलं. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करार, नोटरीचा शिक्का, एक लाख टोकन, ४५ दिवसांची मुदत. टोकनचे पैसे आईच्या भिशीचे, निम्मे रोख. ६९ लाखांचं गिऱ्हाईक आणायचं आणि चार लाख सोडवायचे, असा हिशोब. ३१ दिवस झाले होते. गिऱ्हाईक नव्हतं.

‘माझ्यावर केस होईल का?’ हा त्याचा पहिला प्रश्न. ‘भिशीचे पैसे?’ हा आईचा.

केसबद्दल मी त्याला वकिलाकडे धाडलं, कारण मी वकील नाही. पण हिशोब माझ्या ओळखीचा होता. म्हटलं, घर आधी तुझ्या नावावर घेऊन मग विकायचं धरू. मुंबईत मेट्रोच्या अधिभारासकट सहा टक्के स्टॅम्प ड्युटी, म्हणजे ६५ लाखांवर तीन लाख नव्वद हजार. नोंदणी फी एक टक्का, पण ती तीस हजारांवर जात नाही. झाले चार लाख वीस हजार. त्याने कॅल्क्युलेटर काढून दोनदा गुणाकार केला. आईने विचारलं, ‘माझ्या नावावर घेतलं तर?’ बाईच्या नावावर एक टक्का कमी लागतो, तिचं बरोबर होतं. तरी साडेतीन लाखांच्या वरच जातात, आणि उरलेल्या नफ्यावर आयकर आहेच. ‘म्हणजे सरकारसाठीच हमाली की,’ ती म्हणाली.

‘पण घर न घेता करारच पुढे दिला तर?’ नीलेशला तोच मार्ग शिकवला होता. आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम ५४ याबाबत स्पष्ट आहे: विक्रीच्या नुसत्या कराराने घरात कसलाही हक्क निर्माण होत नाही. नीलेशच्या हाती होता तो काकांचा, म्हणजे त्या भांडुपच्या मालकांचा, शब्द. शिवाय भांडुपला ६९ लाख मोजणारा माणूस बहुधा कर्ज काढूनच येणार, आणि बँकेला मालकाची थेट सही हवी. बँकेत असताना ‘मधला माणूस’ असलेली फाइल टेबलावर आली की मी ती तळाशी सारायचे. शिकवणीवाल्याने ड्युटी परत मिळते असंही सांगून ठेवलं होतं. बिल्डरकडून घेतलेलं घर तीन वर्षांच्या आत विकलं तर आधीची ड्युटी पुढच्या व्यवहारात वळती होते, हे खरं. जुन्या सोसायटीतल्या पुनर्विक्रीला ते लागू नाही, हे मात्र शिकवणीवाल्याने सांगितलंच नव्हतं.

तिकडे हा धंदा चालतो तो ओसाड, पडीक, सुट्या घरांवर. आणि तिकडेही सगळं मोकळं रान नाही. इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये ठरवलं की बारा महिन्यांत असे एकाहून जास्त व्यवहार करायचे तर परवाना काढा. आपल्याकडे तर सोसायटीचा वॉचमनसुद्धा तिसऱ्या मजल्यावरची रूम मागच्या महिन्यात कितीला गेली ते सांगतो. स्वस्तात देणारा मालक सापडला, तर तो स्वस्तात का देतोय हे आधी विचारावं.

एवढं बोलणं होऊनही त्याचा चेहरा उतरलेलाच होता. पैशांची भीती आकडे मांडले की थोडी तरी सैल होते, असा माझा अनुभव आहे. याची होत नव्हती. म्हणून विचारलं, ‘घर तू घेणार नाहीस, पुढे विकणार आहेस, हे काकांना सांगितलंस का?’

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘त्यांना वाटतंय आम्ही राहायला येणार. काकूंनी मला किचनमधला माळा दाखवला. म्हणाल्या, तुझ्या आईला डबे ठेवायला बरा पडेल.’

आईला हे ठाऊक नव्हतं. ती काही बोलली नाही, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मला विचाराल तर गॅलरीतल्या फेऱ्या त्या माळ्यामुळे होत्या. त्यात आणखी एक भर होती. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर आयकर कायद्यात तेवढाच दंड आहे, आणि तो घेणाऱ्याला. याने दिलेल्या पन्नास हजारांचा बोजा काकांच्या डोक्यावर होता, आणि त्यांना त्याची गंधवार्ता नव्हती.

‘मुदत संपायच्या आत जाऊन सांग’ एवढाच माझा सल्ला. तालीम तिथेच केली, काका मी झाले. त्याने सुरुवात केली, ‘काका, सध्या मार्केट डाऊन आहे...’ मी थांबवलं. दुसऱ्यांदा, ‘बँकेने कर्ज नाकारलं...’ पुन्हा थांबवलं. चौथ्या खेपेला सरळ वाक्य आलं.

काका रागावले, आणि रागावायलाच हवं होतं. त्यांचा महिना वाया गेला होता. त्यांनी २५ हजार ठेवून घेतले आणि ७५ हजार दोन चेकांनी परत केले. आई म्हणाली, रास्त आहे. मलाही तसंच वाटलं, पण मी ते बोलले नाही.

पुढच्या भेटीत नीलेश जरा चिडूनच म्हणाला, ‘म्हणजे आमच्यासारख्यांनी यात पडूच नये?’ तसं मी म्हणणार नाही. विकणारा आणि घेणारा जोडून देणं हे मुंबईत जुनं, चोख काम आहे. त्याला एजंट म्हणतात, आणि दलाली किती ती दोन्ही पार्ट्यांना आधी माहीत असते. नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकायची तर महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, एजंट म्हणून नोंदणी लागते, आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. नोंदणीशिवाय काम केलं तर दिवसाला दहा हजार दंड आहे. गुंतवणूकच करायची आणि पैसा थोडा असेल, तर आरईआयटीचं, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मोठ्या इमारतींत गुंतवणाऱ्या ट्रस्टचं, एकेक युनिट शेअर बाजारात मिळतं. भाव वरखाली होतो, पण कुणा काकूंच्या किचनमध्ये उभं राहावं लागत नाही. हे शेवटचं मी बोलायला नको होतं. तो हसला, ते पहिल्यांदाच.

नोकरी त्याने सोडली नाही. रविवारी एका ओळखीच्या एजंटामागे फिरतो, इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा, वाचायला शिकतोय.

गेल्या महिन्यात फोन आला. काकांच्या घराला खरं गिऱ्हाईक मिळालंय, दुसऱ्याच एजंटामार्फत. पण सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे घर कुणाचं ते सांगणारा सोसायटीचा दाखला, अजून काकांच्या वडिलांच्या नावावर निघालं. म्हणजे बहीणही वारस. ‘मी करार करताना ते मागितलंच नव्हतं, मॅडम. माझं गिऱ्हाईक आलं असतं तरी अडकलंच असतं.’ काकांना धावपळ होत नाही, म्हणून सोसायटीचे फॉर्म हाच भरतोय. दलाली नाही, काही नाही. काकांच्या या बहीणबाई साताऱ्याला असतात. त्यांच्या सह्या आणायला रविवारी पहाटेच्या एसटीने निघणार होता, आणि बरोबर आईही जाणार होती.